देवळीतले साहेब

"डोळे जायच्या आधी एकदा ते घुबड पाहू द्या मले," असं बाबा म्हणाले. वहिनीने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरवलं असावं. काचबिंदूने बाबांचा एक डोळा कधीच गेला होता आणि दुसऱ्याचंही काही खरं नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता नळीतून पाहावं तेवढंच दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेही टिकेल असं नाही. असं ऐकल्यावर माणूस तिरुपतीला जायचं म्हणतो, नातवाचं लग्न पाहायचं म्हणतो. आमच्या बाबांना घुबड पाहायचं होतं.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्या घुबडाची आणि माझी ओळख लहानपणापासूनची.

जागा नेमकी कुठे आहे ते मी सांगणार नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे मोटारसायकली हजर. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, एवढं पुरे. एसटी जिथून परत फिरते त्या गावापासून सागाच्या जंगलात एक वाट शिरते, नाल्याच्या कडेकडेने चढते आणि एका पडक्या गढीपाशी थांबते. गढी कोणाची ते कोणालाच माहीत नाही. गावातले लोक गवळी राजाची म्हणतात. आमच्याकडे ज्याचा मालक सापडत नाही ते सगळं गवळी राजाच्या नावावर चढतं. तट म्हणावा असा उरलेलाच नाही. सालईच्या मुळांनी उचकटलेले दगड, खडकात कोरलेलं एक टाकं, त्याच्या काठावर शेंदूर फासलेला मारुती आणि एक दरवाजा. दरवाजा म्हणजे नुसती कमान. दोन्ही बाजूंना भिंत नाही, त्यामुळे रोही आणि रानडुकरं तिच्यातून न जाता बाजूने जातात. कमानीच्या वर, डाव्या अंगाला, एक खोल देवळी आहे. कधीकाळी तिथे कोणी दिवा लावत असेल. मला कळतं तेव्हापासून तिथे घुबड बसायचं.

बाबा तहसिलीत कारकून होते. वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, आमच्या घरचे रोडगे त्या मारुतीपुढे व्हायचे. कणकेचे गोळे गवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पहिला रोडगा मारुतीला, मग माणसांना. आई आणि आत्या गवऱ्या रचत असायच्या तेवढ्या वेळात बाबा मला घेऊन मोहाच्या झाडाखाली बसत. त्यांचा एकच नियम होता: देवळीकडे सरळ पाहायचं नाही. बाजूच्या दगडाकडे पाहायचं, तोंड बंद ठेवायचं, मग घुबड जागेवर राहतं. मला तोंड बंद ठेवणं जन्मात जमलेलं नाही, पण तिथे जमायचं. बाबा त्याला साहेब म्हणत. दिवसभर अर्धे डोळे मिटून खुर्चीत बसतात, खालच्या लोकांचा गलका त्यांच्या कानावर जातो की नाही कळत नाही, आणि कामाला सुरुवात संध्याकाळी पाचनंतर, अगदी आमचे तहसीलदार, असं ते म्हणायचे. डोक्यावरची ती दोन शिंगं म्हणजे दोन्ही कानांवर खोवलेले पेन. एकदा मी विचारलं होतं की इतकी वर्षं तेच घुबड कसं राहील. तर म्हणाले, "साहेब बदलतात, माय. खुर्ची तीच राह्यते."

आईला हे काही आवडायचं नाही. आमच्याकडे घुबडाचं नाव काढलं तरी बायका थुंकतात. पण तिने कधी बाबांना अडवलं नाही. रोडगे झाले की ती हसून विचारायची, झाली का साहेबांची सही? आई गेली, गुडघे गेले, बाबांचं जंगलात जाणं सुटलं. पण मी कधी तिकडे जाऊन आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, साहेब जाग्यावर आहेत काय.

तर दादा म्हणाला, नेऊ. एवढ्या लवकर म्हणाला की मी चाटच पडले. बाबांनी चष्मा बदलायचा म्हटला तरी हा महिनाभर विचार करतो. दादा वाईट माणूस नाही. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, बाबांना आंघोळ घालतो, औषधाचे थेंब स्वतः टाकतो. पण त्याला कोणीही काहीही सांगितलं की खरं वाटतं आणि मी काही सांगितलं की भांडण वाटतं. मी वीज ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची तोंडं ऐकते, त्यामुळे माझंही तोंड जरा पुढे गेलेलं आहे, कबूल. ऑफिसात मी पुस्तकी मराठी बोलते आणि राग आला की वऱ्हाडीवर येते, असं माझा नवरा म्हणतो. म्हणजे मी बहुतेक वऱ्हाडीच बोलते.

रविवार ठरला. शनिवारी दादा दोन मित्रांना घेऊन तिकडे जाऊन आला, जागा साफ करायला म्हणून. मला बरं वाटलं. अलीकडे तिथे चिप्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या पत्रावळी, टाक्यात तरंगणाऱ्या बाटल्या आणि कमानीच्या दगडावर बाण मारलेली बदामं इतकी झाली होती की पाय ठेवायची शिसारी यायची. दगड कोरणाऱ्याने तेव्हा स्वतःचं नाव लिहिलं नाही आणि ह्या दिवट्यांना प्रेयसीच्या नावासाठी दुसरी जागा सापडत नाही. दादा एवढी तसदी घेतोय म्हणून मी त्या दिवशी वहिनीशीही गोड बोलले.

रविवारी सकाळी भाड्याच्या जीपमधून आम्ही निघालो. बाबा, दादा, वहिनी, मी, माझा नवरा, वहिनीच्या माहेरची चार माणसं, गवऱ्यांची पोती, परात, पाण्याचे कॅन आणि एक भोंगा. भोंगा कशाला, असं मी विचारणार होते, पण बाबा इतके खुशीत होते की मी जीभ आवरली. एसटीच्या गावात जीप सोडून आम्ही चालायला लागलो. वाटेवर पळस जवळजवळ सरला होता. सागाची पानगळ पायाखाली करकरत होती. वानरांचा एक कळप मोहावरून आमच्यावर लक्ष ठेवून होता. बाबा माझा हात धरून, गुडघे सांभाळत चालत होते आणि दर थोड्या वेळाने मला थांबवून विचारत होते, नाला आला काय, तो आडवा दगड आला काय. त्यांना दगड दिसत नव्हता, पण दगड कुठे असायला पाहिजे ते माहीत होतं. दादा आणि इतर लोक पुढे निघून गेले होते.

आम्ही शेवटचं वळण घेतलं आणि मी जागच्या जागी थांबले.

कमान पांढरी झाली होती. वरपासून खालपर्यंत चुना. कडेने भगव्या ऑइल पेंटचा पट्टा. दगडावरची जुनी नक्षी, ती वेलबुट्टी, जिच्यावरून लहानपणी मी बोट फिरवायचे, चुन्याखाली गाडली गेली होती. आणि डाव्या अंगाची देवळी तिथे नव्हती. तिच्या जागी विटा होत्या, नव्या लाल विटा, वर सिमेंट, सिमेंटवर चुना, आणि चुन्यावर पेंटने काढलेलं ओम. ओल अजून वाळलेली नव्हती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबून हळूच विचारलं, "साहेब हायेत काय?"

मी काही बोलायच्या आत दादा धावत आला. त्याने बाबांचा दुसरा हात धरला, खांद्याला धरून त्यांना कमानीसमोर नेऊन उभं केलं, हनुवटी जरा वर करून दिली. "ते पाहा बाबा, बसेल हाय देवळीत. दिसून राह्यलं ना?"

बाबा बराच वेळ उभे राहिले. मान जरा इकडे, जरा तिकडे. मी त्यांच्या मागे होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग बाबा म्हणाले, "हाव. दिसलं. दिसलं बावा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. वहिनी मोबाइल धरून उभी होती, तिने सगळं शूट केलं आणि तिथेच उभ्या उभ्या घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली हात जोडल्याची चित्रं लावून. भोंग्यावर आरती सुरू झाली. मोहावरची वानरं एका दमात पसार झाली. बाबांना सतरंजीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं, आणि माझा नवरा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की आता ही काहीतरी फोडणार. फोडायला हवं होतंच. पण बाबांसमोर फोडून काय सांगणार होते? की तुमचा मुलगा खोटं बोलला आणि तुम्ही विटा पाहून हो म्हणालात?

मी दादाला टाक्याच्या पलीकडे बोलावलं. तो आला, पण हात बांधून उभा राहिला.

"हे काय केलं, दादा?"

"हळू बोल. बाबा ऐकतीन."

मग त्याने सांगितलं. दातओठ खात मी ऐकलं. वहिनीच्या माहेरी कोणी एक पत्रिका पाहणारे आहेत. त्यांनी बाबांच्या डोळ्यांबद्दल विचारलं आणि घुबडाची गोष्ट कळल्यावर निकाल दिला: वर्षानुवर्षं दिवसा घुबडाच्या नजरेला नजर दिली, म्हणून त्याने ह्यांची दृष्टी ओढून घेतली. आता शेवटची नजर त्याच्यावर पडली तर उरलेलंही जाईल. त्याचं ठाणं उठवा, जागा शुद्ध करा, मारुतीला रोडगे करा, जेवढी नजर आहे तेवढी तरी राहील. आणि माझ्या भावाने, बी.कॉम. झालेल्या, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या माझ्या भावाने, ते ऐकलं. एखाद्या डॉक्टरचं ऐकावं तसं मन लावून ऐकलं.

दगड नाही मारला म्हणे. त्याबद्दल त्याला अभिमान होता. आमच्याकडे समजूत आहे की घुबडाला दगड मारला तर ते झेलतं, नदीवर नेऊन घासतं, आणि दगड झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो. म्हणून ह्या शहाण्यांनी दगडाला हात लावला नाही. देवळीखाली शिडी लावली, तव्यात निखारे घेतले आणि त्यावर लाल मिरच्या टाकल्या. मिरच्यांची धुरी. डोळ्यांच्या आजारासाठी नवस करणाऱ्या लोकांनी एका जिवाच्या डोळ्यात मिरच्यांचा धूर सोडला, आणि ह्यात काही चुकतंय असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही. धुराने निघेना, तेव्हा सुतळी बॉम्ब लावला. भर उन्हात घुबड बाहेर पडलं, समोरच्या सागावर आदळल्यासारखं बसलं, कावळे त्याच्यामागे लागले आणि ते नाल्याच्या अंगाला गेलं. मग विटा लावल्या.

"लावायच्या आधी आत पाह्यलं होतं काय? अंडी असतीन, पिल्लं असतीन."

त्याने टाक्याकडे पाहिलं.

"मी बाबाच्या डोळ्यासाठी केलं," तो शेवटी म्हणाला. "ते जातीन तं मले काय आनंद हाय? थेंब मी टाकतो रोज. त्याईले दिसत नाही हे मले रोज दिसते. तू रविवारी येतं अन् भांडून जातं. तुले हसू येत असंन, पण कोणी काही उपाय सांगितला तं मी करीन. हा बी करीन अन् दुसरा बी करीन."

मला हसू अजिबात येत नव्हतं. त्याची कीव यायला हवी होती, हे मला आता कळतं, पण आली नाही आणि आजही पुरती येत नाही. प्रेमाने केलं म्हणून विटा मऊ होत नाहीत. मी त्याला म्हटलं, "त्याईच्या डोळ्यात तेवढीच एक गोष्ट उरली होती, दादा. ते तू सिमेंटनं बुजवली."

"पण दिसलं ना त्याईले. म्हणाले ना दिसलं म्हणून. आता तू बोलजो नोको. तुह्या पाया पडतो."

तो खरंच वाकला. मी मागे सरकले. एवढ्यात वहिनीने हाक मारली, आर झाला, रोडगे टाकायचे आहेत.

मग मी गप्प बसले. मारून मुटकून गप्प बसले. कणकेचे गोळे वळले, निखाऱ्यात टाकले, उलटवले, राख झटकली, तूप ओतलं. वहिनीच्या माहेरच्या एकाने भोंग्यावर सिनेमाची गाणी लावली, मी गप्प. थर्माकोलच्या पत्रावळी निघाल्या, मी गप्प. कोणीतरी जेवून उठल्यावर पत्रावळ सरळ टाक्यात भिरकावली. ज्या टाक्यावर संध्याकाळी रोही पाणी प्यायला येतात, अस्वल येतं, त्याच टाक्यात. मी मानही वर केली नाही. मी रोडगा कुस्करत बसले. त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की डोळ्यात पाणी यायचं, म्हणून बाजूच्या दगडाकडे पाहत होते. नंतर लक्षात आलं, बाबांनी शिकवलं होतं तसंच पाहत होते.

जेवणं झाल्यावर बाबांना हात धुवायचे होते. मी त्यांना टाक्याच्या काठावर बसवलं आणि कॅनमधून पाणी घातलं. इतर लोक कमानीसमोर फोटो काढत होते. बाबांनी हात चोळले, बोटांमधलं तूप काढलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "साहेबाची बदली झाली ना?"

माझ्या हातातला कॅन कलंडला. पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगते? तू आल्यापासून मुकी झाली. भोंग्यावरून भांडली नाही, पत्रावळीवरून भांडली नाही. एवढा वेळ तू चूप बसली म्हणजे कोणी तरी मेलं तरी असंन नाही तं बदलून तरी गेलं असंन." ते थोडं हसले. "अन् चुन्याचा वास काय मले येत नाही? नाक शाबूत हाय माह्यं."

बाबांना कळू नये म्हणून अख्खी दुपार मी जीभ चावून बसले होते, आणि नेमकं त्याच्यावरूनच त्यांना कळलं होतं. मी विचारलं, मग दिसलं असं का म्हणालात. माझा आवाज चढला होता. त्यांनी मला हाताने खाली बसवलं.

"त्याचा हात माह्या खांद्यावर होता. थरथरून राह्यलता," बाबा म्हणाले. "मले वाटलं, ह्यानं काही तरी करून ठेवलं अन् आता हा भिऊन राह्यला. म्या देवळीकडं पाह्यलंच नाही, माय. त्याच्याकडं पाहून घेतलं. लय दिवसाचं नीट पाह्यलं नव्हतं. केस पिकले बावाचे."

माझ्या मनात त्या क्षणी दया, माया असलं काही आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग. खरं सांगते, असा राग मला दादाचाही आला नव्हता. ज्याने देवळी बुजवली, त्याच्यावरच उरलेली नजर खर्ची घातली? साहेबांसाठी जपून आणलेली नजर, वाटभर मला हात धरून थांबवत आणलेली, ती त्या चुना लावणाऱ्याला?

"अन् मी?" मी म्हटलं. "मी मागं उभी होती. माह्याकडं नाही पाह्यलं तुम्ही."

"तुले पाहाचं काय काम?" बाबा म्हणाले. "तुहा आवाज अख्ख्या जळगावात ऐकू जाते. तू कुठं बी असली तं मले दिसतं. तो बोलत नाही ना." मग त्यांनी ओला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "त्याले सांगजो नोको."

मी रडले. रागाने रडले, दुसरं काही म्हणत असेल कोणी तर ते खोटं आहे. मग उठले, टाक्यातली पत्रावळ काठीने ओढून काढली आणि भोंग्याची वायर उपटली. वहिनीच्या माहेरच्यांनी विचारलं काय झालं, तर मी त्यांना काय काय झालं ते व्यवस्थित सांगितलं, भोंग्याबद्दल आणि पत्रावळींबद्दल. देवळीबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझं ते बोलणं संपल्यावर कोणी फोटो काढायच्या मनःस्थितीत उरलं नाही. बाबा सतरंजीवर बसून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला घेऊन परत गेले. एसटीच्या गावातून शिडी मागून घेतली, विटा उचकटायला सब्बल घरून नेली होती. नवऱ्याने शिडी धरली. तो धरण्याच्या कामाला चांगला आहे, प्रश्न विचारत नाही. सिमेंट पुरतं मुरलं नव्हतं, विटा सुटल्या. प्रत्येक वीट मी खाली टाकताना मोठ्याने शिवी दिली. आजूबाजूला ऐकायला पोपटांशिवाय कोणी नव्हतं. शेवटच्या विटेला हात घालताना मात्र मला धीर होईना. आत काय असेल? मी डोळे मिटून हात घातला. कोरडी पिसं, उंदरांची हाडं, राखेचा वास, मिरचीची जळकी सालं. मेलेलं काही नव्हतं. नवरा खालून म्हणाला, उतर आता. मी खाली उतरले.

चुना पावसात निघाला बराचसा. ऑइल पेंट निघत नाही. मी घासून पाहिला, रॉकेल लावून पाहिला, दगडाची कोर निघते पण भगवा पट्टा निघत नाही. नंतर कोणीतरी तिकडे गेलं होतं, त्याने ग्रुपवर फोटो टाकला, खाली विचारलं की देवळीच्या विटा कोणी काढल्या. मी लिहिलं, मी. त्यावर कोणी काही लिहिलं नाही. दादाही नाही.

पावसाळा संपला तेव्हा बाबांची नजर पूर्ण गेली होती. त्या पत्रिकावाल्यांचे उपाय झाले, थेंबही झाले. दादा अजून थेंब टाकतो, डॉक्टरांनी डोळा दुखू नये म्हणून सांगितलेत. मी महिन्यातून एखाद्या रविवारी गढीवर जाते. मोहाखाली बसते, बाजूच्या दगडाकडे पाहते. रोही येतात, मोर येतात, एकदा अस्वलाने टाक्याच्या काठावरची वाळवी उकरून ठेवलेली दिसली. देवळी उघडी आहे. त्यात साळुंक्यांनी काड्या आणून टाकायला सुरुवात केली होती, मग त्यांनीही नाद सोडला. साहेब काही आलेले नाहीत.

परत आले की थेट बाबांकडे जाते. ते ओट्यावर बसलेले असतात. माझी चप्पल वाजली की मान वळवतात आणि विचारतात, "आले काय साहेब?"

"नाही, बाबा," असं मी सांगते.

परवाही असंच झालं. दादा बाजूला वर्तमानपत्र वाचत बसला होता. ते त्याने खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाला, "एकदा हाव म्हणून टाक ना. त्याईले कुठं दिसते?"

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. विटा, मिरच्या, पेंट, सगळं. इतके महिने दाबून ठेवलेलं. पण बाबांचे कान शाबूत आहेत. त्यांनी दादाच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केला, चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं.

"तिचं 'नाही' तसंच राहू दे, बावा," ते म्हणाले. "एखांद्या दिवशी ती 'हाव' म्हणीन, तं मले ते दिसलं पाह्यजे."

दादाने वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. मी चप्पल काढून ओट्यावर बाबांशेजारी बसले.